चौकशीचा खर्च कोणाच्या माथी?

भ्रष्टाचाराची चौकशी लागली की गावात चर्चा एकाच गोष्टीची होते. पैसे खाल्ले कोणी? चावडीवर, एस.टी. स्टँडवर, चहाच्या टपरीवर हाच विषय. दुसरा एक प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. या चौकशीला जो खर्च येतो, वकिलाची फी, हिशेबनिसाची फी, नांदेड-औरंगाबादच्या खेपा, कागदांच्या नकला, तो कोणी भरायचा? दोषी ठरला तर त्याने भरावा, हे उत्तर कोणीही देईल. पण दोषी कोण ते चौकशी संपल्यावर कळते आणि वकील मात्र पहिल्या तारखेलाच फी मागतो. मधल्या चार-सहा वर्षांचे काय?

मी माहूरचा. सहकारी संस्थांचे हिशेब तपासण्यात माझा जन्म गेला. त्यामुळे या प्रश्नाकडे मी पुस्तकातून गेलो नाही. तो माझ्या टेबलावरच येऊन बसला होता. मोठ्या कंपन्यांच्या जगात यावर विम्याचा उपाय निघाला. त्याला संचालक व अधिकारी दायित्व विमा म्हणतात, बाजारात डी अँड ओ पॉलिसी. परंतु त्या विम्यातूनही नवी भांडणे उभी राहिली. विमा कंपनी म्हणते, चौकशी म्हणजे दावा नव्हे. संचालक म्हणतो, मग मी वकील कशासाठी लावला? हा वाद नवा वाटतो, पण त्याचे मूळ फार जुने आहे. आज त्याचा थोडा इतिहास सांगतो.

हरकी आणि गुन्हेगारी

मराठेशाहीत वतनाचा तंटा गोतसभेपुढे किंवा मजलशीपुढे जाई. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, शेटे-महाजन, बलुतेदार असे सारे गोत बसे. वादी-प्रतिवादींकडून आधी राजीनामा घेतला जाई. हा राजीनामा म्हणजे आजच्यासारखा पद सोडण्याचा कागद नव्हे. ‘जो निवाडा होईल तो राजी-खुशीने मान्य करू’ असे ते लिहून देणे असे. त्याबरोबर जामीन द्यावा लागे. मग तकरिरा, साक्षी, पुरावे, आणि शेवटी महजर किंवा निवाडपत्र. डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर जो ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध केला, त्यात या कागदांची सविस्तर चर्चा आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातले दोन शब्द महत्त्वाचे. जो जिंकला त्याने सरकारात ‘हरकी’ भरायची आणि जो हरला त्याने ‘गुन्हेगारी’. हरकी म्हणजे न्याय मिळाल्याच्या हर्षाचा पैसा. आपल्याला आज हे विचित्र वाटेल. खरा ठरलेल्या माणसानेही पैसे का द्यावेत? पण त्यामागे एक सरळ हिशेब होता. निवाडा फुकट होत नाही. सत्य शोधायला खर्च येतो आणि त्याचा लाभ जिंकणाऱ्यालाही होतो. म्हणून भार दोघांवर.

या पद्धतीत दोष होतेच. श्रीमंत वतनदार मोठी हरकी कबूल करून निवाडा आपल्या बाजूने ओढू पाहील, ही भीती कायमची. तरीसुद्धा एक गोष्ट त्या लोकांनी ओळखली होती. तंट्याचा खर्च कोणावर पडणार, हे तंटा सुरू होण्याआधीच सर्वांना माहीत असले पाहिजे. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लंडन, न्यूयॉर्क आणि मुंबईत जे वाद झाले, ते नेमके हे आधी ठरलेले नव्हते म्हणूनच झाले.

निजामाच्या राज्यातले खाण प्रकरण

आता आपल्याच जुन्या राज्यातली एक गोष्ट. आपला किनवट-माहूरचा भाग १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता, म्हणजे हैदराबाद संस्थानात. त्या संस्थानाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कंपनी-घोटाळ्याची एक चौकशी पाहिली, तीही थेट विलायतेच्या पार्लमेंटात.

जानेवारी १८८६ मध्ये निजाम सरकारने वॉटसन आणि स्टुअर्ट या दोन इंग्रज गृहस्थांना राज्यातल्या खनिजांचा मक्ता दिला. त्या मक्त्यावर लंडनमध्ये हैदराबाद डेक्कन कंपनी उभी राहिली. भांडवल दहा लक्ष पौंड, दहा पौंडांचा एक असे एक लक्ष शेअर. त्यांपैकी ८५ हजार शेअर मक्तेदारांनी पूर्ण भरणा झाल्याचे दाखवून स्वतःकडेच घेतले. प्रत्यक्ष रोकड येणार ती उरलेल्या १५ हजारांतून. म्हणजे कंपनी दहा लाखांची, पण खाणीत घालायला पैसा जेमतेम दीड लाखाचा.

या व्यवहारात निजाम सरकारतर्फे सूत्रे हलवणारा अधिकारी होता अब्दुल हक, म्हणजे सरदार दिलेर जंग. रेल्वेच्या वाटाघाटीही त्यानेच केल्या होत्या. पुढे उघड झाले की मक्तेदारांच्या वाट्यात त्याचाही हिस्सा होता आणि संस्थानासाठी जे शेअर बाजारातून घेतले असे दाखवले, ते त्याने आपलेच चढ्या भावाने सरकारच्या गळ्यात मारले होते. १८८८ मध्ये त्याला पदावरून दूर करण्यात आले आणि त्याच वर्षी हाऊस ऑफ कॉमन्सने या प्रकरणाच्या चौकशीसाठी निवड समिती नेमली. निजाम सरकारची बाजू मांडायला मेहदी हसन या अधिकाऱ्याला लंडनला पाठवण्यात आले.

हैदराबादहून मुंबई, मुंबईहून आगबोटीने विलायत, तिथला मुक्काम. सरकारी कामासाठी गेलेल्या माणसाचा हा सारा भार खजिन्यावर, आणि खजिना भरत होता तो शेतसाऱ्यातून. शेतसारा कोण देत होते? पैनगंगेच्या काठी ज्वारी-कापूस पिकवणारे आपले आजे-पणजे. घोटाळ्याचा तोटा त्यांचा, आणि घोटाळा शोधण्याचा खर्चही त्यांचाच. फसवला गेलेलाच चौकशीचे बिल भरतो, हे त्या काळचे चित्र होते. कंपनी मात्र टिकली. येलंदूच्या कोळशावर ती चालली, १९२० मध्ये सिंगरेणी कॉलियरीज झाली आणि १९४५ मध्ये निजाम सरकारने तिचे बहुतांश शेअर घेतले. आज तेलंगणात कोळसा काढणारी कंपनी ती हीच.

सहकाराच्या कायद्यातले उत्तर

यानंतर थोड्याच वर्षांत ब्रिटिश हिंदुस्थानात सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला, १९०४ साली. तो अपुरा ठरला म्हणून १९१२ मध्ये दुसरा कायदा झाला. त्या कायद्याच्या ३७व्या कलमात आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. संस्थेची चौकशी झाली तर तिचा खर्च रजिस्ट्रारने वाटून द्यावा. संस्थेवर किती, चौकशी मागणाऱ्या सभासदांवर किती, आणि आजी-माजी पदाधिकाऱ्यांवर किती, हे त्याने आपल्या विवेकाने ठरवावे.

मला या कलमाचे नेहमी कौतुक वाटत आले आहे. ज्याने खोडसाळपणे चौकशी मागितली, त्यालाही झळ लागू शकते. ज्याने घोळ केला, त्याला तर लागतेच. आणि संस्थेचीच शिस्त ढिली असेल तर संस्थेने सोसावे. हरकी आणि गुन्हेगारी यांचेच हे नवे रूप, पण डोळसपणे वाटलेले. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमात हेच तत्त्व कलम ८५ मध्ये आले. त्यात तर मयत सभासदाच्या मालमत्तेपर्यंत हात पोचतो. कलम ८३ ची चौकशी, ८४ ची तपासणी, ८५ चा खर्च आणि ८८ ची नुकसानवसुली. ज्यांनी सोसायटीत एक टर्म जरी काढली असेल, त्यांना हे आकडे तोंडपाठ असतात.

पण या कलमातही एक पोकळी राहिली. ते सरकारी चौकशीच्या खर्चाबद्दल बोलते. चौकशीला तोंड देणाऱ्या माणसाने स्वतःच्या बचावासाठी जो खर्च केला, त्याबद्दल ते काही सांगत नाही. निर्दोष सुटलेल्या संचालकाच्या वकिलाचे पैसे कोण परत देणार? इथे आपला कायदा गप्प आहे.

न्यूयॉर्कच्या गोदीतला धडा

हाच प्रश्न अमेरिकेत १९३९ मध्ये कोर्टापुढे आला. न्यूयॉर्क डॉक नावाच्या कंपनीच्या संचालकांवर भागधारकांनी गैरकारभाराचा दावा लावला. संचालकांनी तो लढवला आणि जिंकला. मग ते म्हणाले, कंपनीचे काम करताना आमच्यावर हे बालंट आले, तेव्हा बचावाचा खर्च कंपनीने द्यावा. कोर्टाने नकार दिला. संचालक सुटले यात कंपनीचा काय फायदा झाला, असा सवाल करून कोर्टाने मागणी फेटाळली.

या निकालाने व्यापारी जगात खळबळ उडाली. निर्दोष सुटूनही माणूस कर्जबाजारी होणार असेल, तर संचालक व्हायचे कोणी? दोन वर्षांत, १९४१ मध्ये, न्यूयॉर्कने कायदा बदलला. १९४३ मध्ये डेलावेअर राज्याने तेच केले. कंपनीने संचालकाचा बचाव-खर्च भरून द्यायला वाट मोकळी झाली. याच सुमारास लंडनच्या लॉइड्सच्या विमेकऱ्यांनी संचालकांसाठी वेगळी पॉलिसी काढली होती. तिला सुरुवातीला गिऱ्हाईक फारसे नव्हते. खरी मागणी वाढली ती १९६० च्या दशकात, आणि १९६७ मध्ये डेलावेअरने कंपन्यांना आपल्या संचालकांचा असा विमा उतरवण्याची स्पष्ट परवानगी दिल्यावर.

मग आले वॉटरगेट. त्या प्रकरणाच्या तपासातून अमेरिकन कंपन्यांच्या गुप्त तिजोऱ्या उघड्या पडल्या. चारशेहून अधिक कंपन्यांनी परदेशात तीस कोटी डॉलरांच्या वर संशयास्पद रकमा दिल्याचे कबूल केले. १९७७ मध्ये परदेशी लाचखोरीविरुद्धचा कायदा झाला. त्यात एक मार्मिक तरतूद आहे. लाच दिल्याबद्दल अधिकाऱ्याला वैयक्तिक दंड झाला तर तो कंपनीने भरायचा नाही. म्हणजे दंड ज्याचा त्याने सोसायचा. पण दंड होण्याआधीच्या वकिलांचे काय? तो खर्च कित्येकदा दंडापेक्षा मोठा असतो. त्यासाठी लोक विम्याकडे पाहू लागले आणि तिथे भांडण जुंपले.

दावा कशाला म्हणायचे?

हे भांडण समजायला पॉलिसीची रचना पाहिली पाहिजे. आपला पीकविमा घ्या. पीक गेले, पंचनामा झाला, की भरपाईचा प्रश्न येतो. पीक जाईल या भीतीने तुम्ही आधीच फवारणी केली, तिचा खर्च विमा देत नाही. संचालकांच्या पॉलिसीचेही तसेच आहे. ती सांगते, पॉलिसीच्या मुदतीत तुमच्यावर ‘गैरकृत्याबद्दल दावा’ झाला तर आम्ही खर्च देऊ. आता तपास यंत्रणेने नुसते पत्र पाठवून कागद मागितले, साक्षीला बोलावले, तर तो दावा झाला का? त्यात कोणावर आरोप केलेला नसतो. पण कागद जमवायला, वकिलाचा सल्ला घ्यायला पैसा तर लागतोच.

२०११ या एकाच वर्षी अमेरिकेच्या दोन अपील कोर्टांनी दोन वेगळी उत्तरे दिली. एमबीआयए या कंपनीच्या प्रकरणात कोर्ट म्हणाले की सरकारी यंत्रणेने समन्स काढले की कंपनीला त्याला तोंड द्यावेच लागते, तेव्हा तो खर्च विम्यात धरावा. ऑफिस डेपो या कंपनीच्या प्रकरणात दुसऱ्या कोर्टाने सांगितले की अनौपचारिक चौकशीच्या काळातला खर्च पॉलिसीच्या शब्दांत बसत नाही, सबब मिळणार नाही. दोन्ही प्रकरणे लाचेची नव्हती, शेअर बाजाराच्या नियमांची होती; पण लाचेच्या चौकशीतही वाद याच शब्दांवर होतो. पॉलिसीचे शब्द वेगळे, म्हणून निकाल वेगळे. विमेदाराने मात्र दोन्हीकडे हप्ता सारख्याच विश्वासाने भरला होता.

दुसरा वाद अपवादाच्या कलमाचा. जाणूनबुजून केलेली लबाडी किंवा लाच यांना कोणताही विमा संरक्षण देत नाही, देऊही नये. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याचे २३वे कलम सार्वजनिक धोरणाविरुद्धचे करार रद्द ठरवते. पण लबाडी ठरायची कधी? पहिली फिर्याद दाखल झाली तेव्हा, आरोपपत्र आले तेव्हा, की शेवटच्या कोर्टाचा निकाल लागला तेव्हा? चांगल्या पॉलिसीत ‘अंतिम निकालानंतर’ असे लिहिलेले असते. तोवर विमा कंपनी खर्च उचलते आणि दोष सिद्ध झाला तर दिलेले पैसे परत मागते. परत मिळतात का, हा पुन्हा वेगळा प्रश्न.

जर्मनीच्या सीमेन्स कंपनीचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. नोव्हेंबर २००६ मध्ये म्युनिकला तिच्या कचेऱ्यांवर छापे पडले. अनेक देशांत कंत्राटांसाठी लाच दिल्याचे निघाले. डिसेंबर २००८ मध्ये कंपनीने अमेरिकन आणि जर्मन सरकारांशी सुमारे १६० कोटी डॉलरांची तडजोड केली. पुढे कंपनी आपल्याच माजी संचालकांकडे वळली आणि त्यांच्याकडून भरपाई मागितली. विमा कंपन्यांशी २००९ च्या अखेरीस दहा कोटी युरोपर्यंतची तडजोड झाली. म्हणजे खटला शेवटपर्यंत गेलाच नाही. आणि तुमच्या लक्षात आले असेल, तडजोड झाली की ‘अंतिम निकाल’ कधी लागतच नाही.

आपल्याकडचा अनुभव

आपल्या १९५६ च्या कंपनी कायद्यात कलम २०१ होते. संचालकाच्या चुकीची भरपाई कंपनी करील असा कोणताही करार त्या कलमाने रद्दबातल ठरवला होता. फक्त एक खिडकी उघडी होती. संचालक निर्दोष सुटला, तर त्याचा बचाव-खर्च कंपनी देऊ शकत होती. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९३९ मध्ये जे नाकारले, ते आपल्या कायद्याने मान्य केले होते. पण तेही निकालानंतर.

मग ७ जानेवारी २००९ चा दिवस उजाडला. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी, रामलिंग राजूंनी, पत्र लिहून कबूल केले की कंपनीच्या ताळेबंदातली ५,०४० कोटींची रोकड अस्तित्वातच नाही. आपल्या भागातली कितीतरी मुले त्या काळी शिक्षणाला आणि नोकरीला हैदराबादेत होती. त्यामुळे ही बातमी माहूर-किनवटला परकी वाटली नाही. त्या प्रकरणात हैदराबादच्या विशेष न्यायालयाने ९ एप्रिल २०१५ रोजी राजूंसह दहा जणांना दोषी ठरवले.

सत्यमने देशातल्या स्वतंत्र संचालकांची झोप उडवली. हे लोक प्राध्यापक, निवृत्त अधिकारी. महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या बैठकीला जाणारे. लबाडी दुसऱ्याची, आणि नोटीस मात्र सगळ्यांना. पॉलिसीतही एक खुबी असते. अर्ज भरताना ज्याने खोटी माहिती दिली, त्याचे पाप इतर संचालकांना लागायचे की नाही? पॉलिसीत प्रत्येकाचा हिशेब वेगळा धरण्याचे कलम नसेल, तर एकाच्या खोट्यामुळे सगळ्यांचे छत्र उडते.

२०१३ च्या नव्या कंपनी कायद्याने या विम्याला मान्यता दिली. कलम १९७ सांगते की कंपनीने आपल्या बड्या अधिकाऱ्यांसाठी भरलेला हप्ता त्यांच्या पगारात धरायचा नाही. पण माणूस दोषी ठरला तर तोच हप्ता त्याच्या पगारात धरायचा. सेबीने १ ऑक्टोबर २०१८ पासून शेअर बाजारातल्या पहिल्या पाचशे कंपन्यांना स्वतंत्र संचालकांचा विमा सक्तीचा केला आणि १ जानेवारी २०२२ पासून ही सक्ती पहिल्या हजार कंपन्यांपर्यंत नेली. २०१८ मध्येच भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती होऊन लाच देणारी कंपनी आणि तिचे सूत्रधार यांच्यावरही थेट जबाबदारी आली. चौकशीची शक्यता वाढली, तशी विम्याची गरजही वाढली.

आणि आमच्या सोसायटीचे काय?

श्रोतेहो, पहिल्या हजार कंपन्यांची सोय झाली. पण एक गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात ‘लोकसेवक’ कोण याची जी यादी आहे, तीत सरकारी मदत घेणाऱ्या शेती, उद्योग, व्यापार आणि बँक क्षेत्रातल्या सहकारी संस्थांचे अध्यक्ष, सचिव आणि पदाधिकारीही आहेत. म्हणजे तहसीलदाराला जो कायदा लागू, तोच आमच्या सेवा सोसायटीच्या चेअरमनला लागू होऊ शकतो. जबाबदारी मोठ्या अधिकाऱ्याएवढी, आणि संरक्षण शून्य.

मी तपासलेल्या एका संस्थेची हकिगत सांगतो. गावाचे नाव सांगत नाही. खताच्या साठ्यात तूट निघाली. गोदामाच्या किल्ल्या आणि रजिस्टर दोघांच्याच हातात होते. पण ठरावावर सगळ्या संचालकांच्या सह्या होत्या, म्हणून नोटिसा सगळ्यांना निघाल्या. त्यांत एक बाई होती, महिला राखीव जागेवर आलेली. घरी चार एकर कोरडवाहू. चौकशी तीन वर्षे चालली. तिच्यावर काही निघाले नाही, आदेशातून नाव वगळले गेले. मी म्हणालो, ‘‘काकू, सुटलात एकदाच्या.’’ ती म्हणाली, ‘‘साहेब, सुटले तं खरं. पण पाटल्या मोडल्या त्या काय आता सुटतेत?’’

तिच्या या प्रश्नाला माझ्याजवळच्या कुठल्याच कलमात उत्तर नव्हते. पुढच्या निवडणुकीला तिने अर्ज भरला नाही. तिच्याबरोबरच्या आणखी दोघांनीही भरला नाही. जागा बिनविरोध भरल्या, आणि कोणी भरल्या हे सांगायला नको. ज्याला चौकशीची भीती नाही, म्हणजे ज्याच्याकडे वकिलाचा पैसा आधीच आहे, तोच खुर्चीवर बसतो. खर्चाच्या प्रश्नाचा सगळ्यात मोठा तोटा मला हा वाटतो.

वरच्या पातळीवर याचे चित्र राज्य सहकारी बँकेच्या प्रकरणात दिसले. मे २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने तिचे संचालक मंडळ बरखास्त होऊन प्रशासक आले. सहकार कायद्याखाली चौकशी झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. पुढे पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने प्रकरण बंद करण्याचा अहवाल न्यायालयात दिला, त्यालाही आव्हाने मिळाली. कोण खरे, कोण खोटे, यात मी शिरत नाही. पण दहा-दहा वर्षे चालणाऱ्या अशा प्रकरणात नामांकित वकील लावण्याची ऐपत असलेला संचालक आणि तालुक्यातून आलेला साधा संचालक, या दोघांची स्थिती सारखी राहील काय?

काय करता येईल?

काही जण म्हणतील, विमा दिला की चोरांना मोकळे रान. या आक्षेपात तथ्य आहे. हप्ता संस्थेच्या पैशातून जातो. म्हणजे ज्या सभासदांचा पैसा बुडाला, त्यांच्याच पैशातून बुडवणाऱ्याचा वकील उभा राहतो. १८८८ मध्ये रयतेने चौकशीचे बिल भरले, तसेच हे. म्हणून विमा नको असे मात्र मी म्हणणार नाही. विमा हवा, पण अटींनी बांधलेला.

एक, पॉलिसीत चौकशीचा टप्पा स्पष्ट लिहिलेला असावा. नोटीस आली, समन्स आले, त्या दिवसापासून खर्च मिळेल की आरोपपत्रानंतर, हे घेण्याआधी विचारा. पत्र आले की विमा कंपनीला लगेच लेखी कळवा. ही पॉलिसी मुदतीत आलेल्या आणि कळवलेल्या दाव्यांवर चालते. कळवायला उशीर झाला की हक्क गमावण्याची वेळ येते. दोन, प्रत्येक संचालकाचा हिशेब वेगळा धरला आहे ना, ते पाहा. तीन, दोष सिद्ध झाला तर पैसे परत, ही अट असलीच पाहिजे, आणि तिच्या वसुलीची सोयही. सहकारात थकबाकी जमीन महसुलाप्रमाणे वसूल करण्याची यंत्रणा आहेच. तीच इथे वापरता येईल.

एकट्या सोसायटीला असा विमा परवडणार नाही हे मला कळते. ज्या संस्थेचा वर्षाचा नफा एका मोटारसायकलच्या किमतीएवढाही नसतो, ती हप्ता कुठून भरणार? पण जिल्ह्यातल्या सगळ्या सोसायट्यांनी मिळून एक सामायिक पॉलिसी किंवा बचाव-निधी उभारला, तर प्रत्येकी वाटा फार येणार नाही. निधीतून पैसे उसने द्यायचे, निर्दोष सुटला तर माफ, दोषी ठरला तर व्याजासह वसूल. यात नवे काही नाही. गोतसभेने जे जामीनकीतून साधले आणि १९१२ च्या कायद्याने जे खर्चाच्या वाटणीतून साधले, तेच आजच्या भाषेत मांडायचे आहे.

सोसायटीच्या निवडणुका ठरल्या वेळी येतच राहतात. मते मागायला आलेल्या पॅनलला रस्ता, गोदाम, कर्जवाटप याबद्दल आपण विचारतो. त्यात आणखी एक प्रश्न घाला. उद्या चौकशी लागली, तर प्रामाणिक माणसाचा खर्च कोण उचलणार, आणि लबाडाकडून तो परत कसा घेणार? याचे उत्तर वार्षिक सभेच्या ठरावात लिहून घ्या. चौकशी लागल्यानंतर ते लिहायला कोणी तयार होत नाही.